विंडोज १० ची मुदत संपली, ऑफिसातले चार कॉम्प्युटर भंगारात घालायचे का?

धोटा_४४ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, चारही विंडोज १० वर. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची मुदत संपली. मधे दिवाळी झाली, गड्डा यात्रा झाली, तरी चारही मशीन सकाळी मुकाट चालू होतात. पडद्यावर मात्र सारखं येतं की हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही. दुकानदार म्हणतो, चारही काढा, नवे घ्या, आणि लवकर ठरवा, कारण रॅम महागायलीय.

यादी अशी:
१) हिशेब आणि जीएसटी: आय-५ ८४००, ८ जीबी रॅम, एसएसडी.
२) डिस्पॅच, ई-वे बिल: आय-३ ६१००, ४ जीबी, जुनी हार्ड डिस्क. चहा पिऊन येईपर्यंत चालू होतो.
३) विणकरांचा पगार: चौथ्या पिढीचा आय-३, ३२ बिट विंडोज १०, त्यावर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसचा, विंडोजच्या आधीच्या डॉसमधला प्रोग्रॅम आणि जाड केबलवाला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर.
४) लॅपटॉप: आय-३ ७०२०यू, २०१९ ला नवा घेतलेला.

शेडमध्ये यापेक्षा दुप्पट-तिप्पट वयाचे माग खडखडतात, त्यांना अजून कुणी पत्र पाठवून अपात्र ठरवलेलं नाही. चारही खरंच काढावे लागतील का? आणि रॅम आत्ताच घेऊन ठेवू का?

---

बाळीवेस_बूट

मालक, आधी श्वास घ्या. मुदत संपली म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही. सुरक्षेची दुरुस्ती येणं थांबलं, एवढंच. घराला कुलूप आहे, पण रात्रीचा गुरखा काढून घेतला, असं समजा. आणि हेच विंडोज १० बाजारात आलं तेव्हा, २०१५ साली, मायक्रोसॉफ्टच्याच माणसाने व्यासपीठावरून सांगितलं होतं की हे शेवटचं विंडोज. सहा वर्षांत ११ आलं. शेवटचं म्हणजे 'शेवटचा एक कप' म्हणतात तसलं शेवटचं होतं.

आता पिढीचं गणित. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे पात्र, त्याआधीचे जवळपास सगळे बाद. शाळेत आठवीपर्यंत नापास करत नव्हते, इथे सातवीपर्यंत पास करत नाहीत. तुमचा लॅपटॉप २०१९ चा असला तरी आतला प्रोसेसर सातव्या पिढीचा, म्हणून बाद. पावतीवरचं साल कोणी बघत नाही.

त्यामुळे यादीतला १ नंबर वाचतो. आय-५ ८४०० पात्र आहे. तरी तो 'पात्र नाही' म्हणतोय, कारण बहुतेक टीपीएम बंद आहे. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी चिप. तुमच्या मशीनला वेगळी चिप विकत घ्यायची नाही, ती प्रोसेसरच्या आतच आहे. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. असेंबल केलेल्या पुष्कळ मशीनवर ती पहिल्यापासून बंद असते. टीपीएमचं वेगळं कार्ड कोणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नका.

तपासायला: विंडोज आणि आर एकत्र दाबा, टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. (इथे रोमन अक्षरं चालत नाहीत म्हणून कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजीतच करा. नाहीतर उद्या इथेच येऊन सांगाल की चालत नाही.) 'टीपीएम सापडला नाही' आलं तर तो बंद आहे.

चालू करायचा क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केलात तर मशीन विंडोजपर्यंत पोचणारच नाही:

आधी सगळ्या डेटाची बाहेरच्या डिस्कवर प्रत. मग डिस्कवरच्या भागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची आहे की नव्या जीपीटी, ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा: डिस्क ० वर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. एमबीआर असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांडच्या काळ्या खिडकीत एमबीआर२जीपीटी, जागा, स्लॅश व्हॅलिडेट, जागा, स्लॅश अलाऊफुलओएस. पास झालं तरच 'व्हॅलिडेट'च्या जागी 'कन्व्हर्ट' लिहून परत चालवा. त्यानंतर रिस्टार्ट करून डिलीट बटणाने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जा, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद करा, पीटीटी चालू करा, सेव्ह करून बाहेर या. डिस्क न बदलता आधी सीएसएम बंद केलंत तर बायोसला विंडोज दिसणार नाही आणि दुकानदार 'मी म्हटलं नव्हतं का' म्हणायला मोकळा.

सिक्युअर बूटची (मशीन सुरू होताना फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) अट फक्त 'जमलं पाहिजे' अशी आहे, चालूच पाहिजे अशी नाही. चालू केलेलं बरं, पण त्यावरून डोकं फोडू नका.

---

कांडी_कमी

रॅमबद्दल मी बोलतो. दुकानदार खोटं बोलत नाही, हे पहिल्यांदाच घडतंय, म्हणून तारीख लिहून ठेवा.

रॅम बनवणारे मोठे कारखाने जगात मोजून तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची रॅम लागते. चिपचे मजले एकावर एक रचलेले असतात. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमपेक्षा तिला सिलिकॉनची चकती साधारण तिप्पट खर्ची पडते. म्हणजे ज्या मागावर तीन चादरी निघायच्या, तिथे एकच भारी गालिचा निघायला लागला, आणि गालिच्याचं गिऱ्हाईक भाव न विचारता उचलतंय. मग चादर कोण विणणार? ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने क्रूशल हा दुकानात मिळणारा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. २९ वर्षांचा ब्रँड.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे अंथरूण एआयने आपल्या अंगावर ओढून घेतलंय आणि पाय आपले उघडे पडलेत. एआयला एवढी रॅम कशाला लागते? तर नोटपॅडमध्ये तुमचं चार ओळींचं पत्र 'अधिक सुबक' करून द्यायला. नोटपॅडमध्ये एआय आलं, आणि विंडोज ९५ पासूनचं वर्डपॅड ११ च्या २४एच२ आवृत्तीत काढून टाकलं. जिथे लिहिता येत होतं ते गेलं, जिथे फक्त टिपून ठेवायचं तिथे साहित्यिक बसवला.

आता कामाचं. साठा करू नका. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि भर कामात मेमरी किती टक्के लागते ते बघा. १ नंबरला ८ जीबी आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर, ब्राउझरच्या पाच-सहा टॅब आणि एक्सेल, एवढ्याला चालते. सतत ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल तरच आणखी ८ चा विचार करा, आणि तेव्हा पट्टी घेताना डीडीआर४ च घ्या. डीडीआर५ खाचेत बसत नाही. जोर लावला तर खाच तुटते, मग बोर्ड बदला, आणि नव्या बोर्डाला परत नवीन रॅम.

२ नंबरचं दुखणं वेगळं आहे. तिथे रॅम वाढवून चहाचा वेळ वाचणार नाही, कारण अडखळतेय ती हार्ड डिस्क. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसत असेल तर साधी २५६ जीबीची साटा एसएसडी टाका. एसएसडीही महागल्यात, पण नव्या मशीनच्या पुढे तो खर्च काहीच नाही. जुनी डिस्क क्लोन करा, मूळ डिस्क काढून महिनाभर कपाटात ठेवा. लगेच पुसू नका.

---

सात_रस्ता_सर्व्हर

वरच्या दोघांनी १ नंबरचं लग्न लावून दिलं, उरलेल्या तिघांचं काय? त्यांच्यासाठी ईएसयू म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट. गुरखा एक वर्ष जास्त ठेवायचा, एवढाच अर्थ. घरगुती योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तीन वाटा आहेत: ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० गुण द्या, किंवा विंडोज बॅकअप चालू करून सेटिंग्ज त्यांच्या ढगात पाठवा, मग फुकट. तिन्ही वाटांच्या तोंडाशी मायक्रोसॉफ्ट अकाउंट आहेच. नुसत्या लोकल अकाउंटवर नोंदणी होत नाही. एका अकाउंटवर दहा मशीनपर्यंत नोंदवता येतात.

रस्ता: सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट. तिथे नोंदणीची लिंक दिसते. दिसत नसेल तर विंडोज आणि आर दाबून विनव्हर चालवा, विंडोजची आवृत्ती दिसेल. २२एच२ सोडून दुसरं काही असेल तर आधी तिथपर्यंत अपडेट करा. २२एच२ असून लिंक गायब असेल तर साचलेले सगळे अपडेट घ्या. ऑगस्ट २०२५ आधी नोंदणीची खिडकी उघडून लगेच बंद पडायची, ते त्या महिन्याच्या अपडेटने सुधारलं. मशीन कंपनीच्या डोमेनला जोडलेलं असेल तर लिंक येणारच नाही.

आता कारखान्यासाठी खरं बोलतो. ही योजना घरगुती वापराची आहे. धंद्यासाठी वेगळा दर आहे: दर मशीनला पहिलं वर्ष ६१ डॉलर, दुसरं १२२, तिसरं २४४. तिन्ही मिळून ४२७. आणि दुसऱ्या वर्षी जागे झालात तर पहिल्याचेही भरावे लागतात. सावकाराने हे दरपत्रक बघितलं असतं तर वही मिटून नमस्कार केला असता. ४२७ डॉलर भरून सहाव्या पिढीचा आय-३ जिवंत ठेवण्यात अर्थ नाही. २ नंबर आणि लॅपटॉपला फार तर एक वर्ष पैसे भरा, तेवढ्यात रॅमचा बाजार कुठे जातो ते कळेल.

रुफस हे पेनड्राइव्ह बनवायचं साधन वापरून अपात्र मशीनवर ११ चढवता येतं हे कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. चढतं. सहाव्या-सातव्या पिढीवर चालतंही. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, परत पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर तर २४एच२ सुरूच होत नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी नावाची सूचनाच नाही. घरच्या मशीनवर हौस म्हणून करा. ई-वे बिल अडकून ट्रक गेटवर उभा असताना ही हौस महाग पडेल.

---

शेंगाचटणी_३२बिट

३ नंबरला कोणीही हात लावू नका! सगळ्यात मौल्यवान तोच आहे.

विंडोज ११ फक्त ६४ बिट येतं, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे डॉस प्रोग्रॅम चालत नाहीत. तुमचा फॉक्सप्रो आज चालतो तो केवळ विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती असल्यामुळे. दुकानदार 'फॉरमॅट मारून देतो' म्हणाला आणि त्याने सवयीने ६४ बिट टाकली, की शनिवारी पगारवाटपाला विणकर दारात आणि प्रोग्रॅम काशीला.

त्याची नेटची केबल काढा. वायफायचा डोंगल असेल तोही काढा. नेटवरून येणारा धोका तिथेच संपला. उरला पेनड्राइव्ह. या मशीनसाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर रंगाची टेप लावा, आणि तो १ नंबरवर स्कॅन केल्याशिवाय ३ नंबरला लावायचा नाही. त्यात मोबाइलची गाणी भरून आणणाऱ्याला मालकांनीच बघून घ्यावं.

बॅकअप घेताना नुसत्या डीबीएफ फाइली उचलू नका. त्यांच्यासोबत एफपीटी आणि सीडीएक्स फाइली असतात. एफपीटी राहिली तर मेमोचा मजकूर जातो, सीडीएक्स राहिली तर प्रोग्रॅम इंडेक्स मागत बसतो. अख्खा फोल्डर घ्या. डीबीएफ लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडते, तेव्हा बॅकअप खरोखर उघडतो का ते दुसऱ्या मशीनवर बघून घ्या.

पुढची सोय म्हणून १ नंबरवर डॉसबॉक्स-एक्स (नव्या विंडोजमध्ये डॉसचं सोंग घेणारा प्रोग्रॅम) टाकून फोल्डरच्या प्रतीवर प्रोग्रॅम चालवून बघा. साध्या डॉसबॉक्सपेक्षा हा बरा, कारण त्यात प्रिंटिंगची सोय आहे. एका महिन्याचा पगार दोन्हीकडे काढा आणि बेरजा पैशापर्यंत जुळवा.

प्रिंटरचं: ती जाड केबल पॅरलल पोर्टची. यूएसबीची बदली केबल मिळते, पण डॉस प्रोग्रॅम थेट एलपीटी१ वर, म्हणजे पॅरलल पोर्टवर, लिहितो आणि यूएसबीचा प्रिंटर त्या नावाने दिसत नाही. म्हणून लोक केबल परत करतात. इलाज असा: प्रिंटर शेअर करा, आणि काळ्या खिडकीत नेट यूज एलपीटी१, कोलन, मग दोन उलटे स्लॅश, मशीनचं नाव, उलटा स्लॅश, प्रिंटरचं शेअर केलेलं नाव, शेवटी स्लॅश पर्सिस्टंट, कोलन, येस. शेअर करताना प्रिंटरच्या नावात मोकळी जागा ठेवू नका, अर्धा दिवस त्यातच जातो.

---

पेंग्विन_पेठ

एवढी यातायात कशाला? विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स मिंट टाका. संपला विषय.

---

बाळीवेस_बूट

आले! पाऊस लांबेल, पाणी पाचव्या दिवशी येईल, पण 'लिनक्स टाका' वेळेवर येणार. हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर सरळ चालत नाही, सही करायच्या डोंगलचा ड्रायव्हर शोधत बसावं लागेल, आणि मराठी टायपिंगचं श्री-लिपी?

---

पेंग्विन_पेठ

१ आणि ३ ला कोण म्हणतंय? २ नंबरला म्हणतोय. ई-वे बिल ब्राउझरमध्ये निघतं, ब्राउझर मिंटवरही तोच. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि त्याचे डॉलर शून्य. एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ४ जीबीत नीट चालते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवून, डिस्कला हात न लावता, आधी दोन दिवस तसंच चालवून बघा: प्रिंटर दिसतो का, बिलाची पीडीएफ नीट छापते का, मराठी इनस्क्रिप्ट टाइप होते का. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालेल, त्यावरून मत बनवू नका. जमलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथे. श्री-लिपी चालणार नाही, हे मान्य. डिस्पॅचवाल्याला श्री-लिपी कशाला लागते, लग्नपत्रिका पाठवतो का टॉवेलसोबत?

---

सात_रस्ता_सर्व्हर

२ नंबरपुरतं पटलं. नोंद करतो, सहसा असं होत नाही.

११ वर जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने विंडोज ११ च्या दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. दवाखाना उघडा, पण पेशंटला आत शिरल्यावर बोलायला बंदी. २० ऑक्टोबरला तातडीचा उपाय आला. म्हणून महिन्याचा अपडेट आल्या दिवशी सगळीकडे घेऊ नका. पॉजची सोय आहे, आठवडाभर थांबवा, आणि जीएसटी भरायच्या तारखेच्या आदल्या दिवशी तर अजिबात नको. आठवड्यानंतर मात्र घ्या. थांबवून विसरलात तर मुदत संपलेल्या विंडोज १० मध्ये आणि त्याच्यात फरक काय राहिला?

दुसरी: सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागतात. त्यावरून 'जूनमध्ये कॉम्प्युटर बंद पडणार' असं कोणी घाबरवलं तर घाबरू नका. मशीन चालू होतच राहील, फक्त सुरू होण्याच्या टप्प्यावरच्या सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. अपडेट घेणाऱ्या बहुतेक मशीनना नवी प्रमाणपत्रं आपोआप येतात. ईएसयूत नोंदलेल्या १० लाही येतात, नोंद नसलेल्याला नाही.

---

धोटा_४४

सगळ्यांचे आभार. १ नंबरवर व्हॅलिडेट चालवलं, नापास. डिस्कवर सी, डी, ई, एफ असे चार भाग आहेत. बायोसमध्ये गेल्यावर तारीख २०१८ ची दिसली, ती नीट केली, दुसऱ्या दिवशी परत २०१८. त्याचा काही संबंध आहे का?

आणि लॅपटॉपच्या जागी नवा घेतलाच तर त्यावर कोपायलटचं (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाचं) बटण येतं म्हणे. ते कशाला?

---

बाळीवेस_बूट

दोन्ही रोगांचं निदान पत्रिका न बघता होतं.

चार भाग: एमबीआर२जीपीटी या साधनाला डिस्कवर तीनच मुख्य भाग चालतात आणि 'एक्स्टेंडेड' भाग असला तर ते कामच करत नाही. विंडोजचा स्वतःचा छोटा राखीव भाग धरून सी आणि डी झाले तीन, ई-एफ एक्स्टेंडेडमध्ये गेले. आपल्याकडे डिस्कचे चार तुकडे केल्याशिवाय मशीन डिलिव्हरच करत नाहीत, जसं काही भावाभावांत वाटणी करायचीय. ई आणि एफचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, उघडून तपासा, मग ते भाग आणि खालची हिरव्या चौकटीतली मोकळी जागा, दोन्ही डिलीट करा. परत व्हॅलिडेट. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा कोणत्या ड्राइव्हवर आहे ते आधी बघा. ई वर असेल तर नंतर त्याला नवा रस्ता दाखवावा लागेल.

तारीख: बायोसचा सेल संपलाय, आणि याचा संबंध आहे, चांगलाच आहे. सेल मेलेला असताना रात्री मेन स्विच बंद झाला की बायोस मूळ सेटिंगवर जातं. काही बोर्डांवर मूळ सेटिंग म्हणजे सीएसएम चालू, पीटीटी बंद. म्हणजे तुम्ही आज सगळं कराल, आणि सोमवारी सकाळी मशीन विंडोज सापडत नाही म्हणेल. डिस्क कूटबद्ध (एनक्रिप्ट केलेली) असेल तर आणखी वाईट: ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ११ कोरं टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने शिरलात तर २४एच२ पासून कूटबद्ध करणं आपोआप सुरू होतं आणि की त्याच अकाउंटवर जाते. म्हणून अकाउंट कारखान्याच्या ईमेलवर काढा. अकाउंटंटच्या खासगी ईमेलवर काढलंत तर तो नोकरी सोडताना तुमच्या वह्यांची किल्ली खिशात घेऊन जाईल, बिचाऱ्याला कळणारही नाही.

---

कांडी_कमी

कोपायलटच्या बटणाचं: ते बहुधा उजव्या कंट्रोलच्या जागी बसवतात. आतून ते बटण शिफ्ट, विंडोज आणि एफ२३ असे तिन्ही एकदम दाबल्याचा संकेत पाठवतं. एफ२३ हे बटण कीबोर्डवर असतं का? नसतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनाने त्याला दुसरं काम लावता येतं, पण तीन बटणांचा संच असल्यामुळे ते अस्सल कंट्रोलसारखं दाबून धरता येईलच असं नाही. उजवा कंट्रोल वापरणारा टायपिस्ट असेल तर लॅपटॉप घेण्याआधी कीबोर्ड डोळ्यांनी बघा.

आणि पेटी उघडणारच आहात तर पंखा साफ करा. माग शेजारी असले की प्रोसेसरच्या पंख्याखाली तंतूंचा नमदा जमतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, खाली टॉवेल विणून तयार. हवा जात नाही, प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि एप्रिल-मेमध्ये लोक म्हणतात 'अपडेटने स्लो केलं'. शेडमधल्या कॉम्प्रेसरची नळी थेट मारू नका. तिच्यात पाणी असतं, आणि त्या दाबाने पंखा गरगर फिरून त्याची बेअरिंग जाते. वीज काढा, पंख्याचं पातं बोटाने धरा, ब्रशने नमदा सोडवा, मग घरगुती ब्लोअर. पंखा हीटसिंकसकट उचललात तर जुनी थर्मल पेस्ट पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावा, जास्त नको.

---

धोटा_४४

सेल कुठला आणू?

---

शेंगाचटणी_३२बिट

सीआर२०३२. तीन व्होल्टचा, नाण्यासारखा, घड्याळाच्या दुकानात मिळतो. सीआर२०२५ किंवा सीआर२०१६ देतील, घेऊ नका, पातळ असतात, ढिले बसतात. मशीनची वायर काढून मग बदला, अधिकची खूण वर. आणि ३ नंबरचाही बदलून टाका, पण त्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पॅरलल पोर्टचा मोड त्यातच लिहिलेला असतो.